तिसरं वाटण

“मग ते पत्र कुणाचं होतं?”

“माझंच होतं, माई.”

माई लसूण सोलत होत्या. हात थांबला नाही.

“आणि आत्या काय म्हणाली?”

“बघ, असं लिहायला शीक, म्हणाली.”

माईंचे खांदे किंचित हलले. हसल्या असाव्यात. मी नीट पाहायचं टाळलं.

घडलं होतं ते असं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मी एक न्यूजलेटर पाठवते. शांतपणे कसं जगावं, या विषयावर. ईमेलवर तीनशे बारा जणांना जातं, त्यांतले नऊ नातेवाईक. मागच्या आठवड्यात आत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर धाडला. कुठून कुठून फिरत आलेला, लिहिणाऱ्याचं नाव गळून पडलेलं. खाली तिची सूचना. मी वाचायला घेतला. बरा वाटला. दुसऱ्या परिच्छेदाला लिहिणाऱ्याचा थोडा हेवा वाटला. तिसऱ्यात एक उपमा ओळखीची लागली... ती मी एप्रिलमध्ये वापरली होती.

आत्या त्या नऊ नातेवाइकांपैकी एक आहे.

“तिने तुला ओळखलं नाही,” माई म्हणाल्या.

“तिचं काय घेऊन बसलात. मीही नाही ओळखलं.”

“हं.”

तेवढंच. पुढचा लसूण.

माई टेकडीवरच्या मठात राहतात. चाळीस वर्षं त्यांनी गावोगाव कीर्तन केलं. आख्यानं तीच ती, चार-पाच. माझी आई सांगते, शेवट सगळ्यांना पाठ असायचा आणि तरी कुणी उठून जायचं नाही. आता गुडघे गेले, म्हणून माई मठाचं स्वयंपाकघर सांभाळतात. मला वाटलं, लिहिण्यातला आपला सूर कुठे मिळतो हे सांगायला याहून योग्य माणूस नाही. म्हणून शनिवारी सकाळी लेकीला, राहीला, कडेवर घेऊन एकशे चाळीस पायऱ्या चढून आले होते.

राही अठरा महिन्यांची आहे. ती लसणाची सालं गोळा करत होती. एक तोंडात गेलं. लसणाचं साल पोटात गेलं तर मुलाला काय होतं, हे मी लगेच फोनवर शोधलं असतं. पण मठात रेंज नाही. ती अगदी खालच्या पायरीपाशी येते.

“काही होत नाही,” माई म्हणाल्या. मी काहीच विचारलं नव्हतं.

मग त्यांनीच विचारलं, “एक पत्र किती वेळा लिहितेस?”

“लिहिते एकदाच. पुसते अकरा वेळा.”

“काय पुसतेस?”

हे सांगताना मी जरा ताठ बसले. कष्टांचा हिशोब द्यायला मला आवडतं.

“कुणाला खटकेल असं काही राहू देत नाही. आमच्याकडचे शब्द काढते, लांबच्या वाचकाला अडतील म्हणून. ‘मला वाटतं’ काढते, त्याने वाक्य दुबळं होतं. राहीबद्दल आलेलं तर पहिल्याच फेरीत जातं, नाहीतर रडगाणं वाटायचं. विनोद ठेवते एखादा... तोही पारखून.”

“लोक काय म्हणतात?”

“छान म्हणतात.”

“आणखी?”

“...खूप छान.”

माईंनी सोललेला लसूण वाटीत ओतला.

“मग आता काय ठरवलंयस?”

“बंद करायचं. निरोपाचं पत्र लिहून ठेवलंय. उद्या सकाळी नऊला आपोआप जाईल, तशी वेळ लावलीय. तुम्ही मला माझा सूर दाखवलात तर थांबवेन.”

“म्हणजे मला उद्या नऊपर्यंत वेळ आहे.”

“साडेआठपर्यंत कळलं तर बरं, माई. रेंजचं काही खरं नसतं.”

माई भिंतीला धरून उठल्या. भिजवलेल्या लाल मिरच्यांचं भांडं, मीठ आणि लसणाची वाटी माझ्यापुढे ठेवली.

“आधी चटणी वाट. अकरा माणसं जेवायची आहेत.”

पाटा ओसरीच्या कोपऱ्यात होता. काळा, लांबरुंद. मी त्यावरून हात फिरवला आणि फिरवतच राहिले. इतका गुळगुळीत दगड मी पाहिला नव्हता. ओल्या साबणासारखा लागत होता.

“किती सुंदर आहे हो.”

“येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो.”

मी त्याचा एक फोटो काढला. सवयीने. पत्राच्या वर टाकायला असं चित्र लागतं.

मग वरवंटा घेतला. मिरच्या ठेवल्या, पुढे रेटलं. मिरच्याही पुढे गेल्या. मागे ओढलं, त्याही मागे आल्या. लसणाची एक पाकळी सटकून राहीच्या पायाशी पडली. मी गुडघ्यांवर उभी राहून अंगाचा सगळा भार टाकला. वरवंटा डाव्या अंगाला घसरला आणि माझी करंगळी त्याच्याबरोबर गेली.

पंधरा मिनिटांनंतरही मिरच्या मिरच्याच होत्या. थोड्या दमल्यासारख्या दिसत होत्या, इतकंच.

“मला जमत नाहीये,” मी म्हणाले. “घरी मिक्सर आहे ना.”

माईंनी वरवंटा काढून घेतला. मिरच्या पुन्हा भांड्यात भरल्या, पाटा धुऊन घेतला आणि पायऱ्यांकडे बघत बसल्या...

थोड्या वेळाने पायऱ्यांवरून एक बाई वर आली. खांद्याला गोणपाटाची पिशवी, कपाळावर ठसठशीत कुंकू. यल्लूबाई. पाट्यांना आणि जात्यांना टाकी लावत फिरतात, म्हणजे छिन्नीने ठोकून दगडाला खाचा पाडतात. माईंनी त्यांना आठवड्यापूर्वीच निरोप धाडला होता.

“किती उशीर,” माई म्हणाल्या.

“एकशे चाळीस पायऱ्या हायत्या, माई. तुमचा देव खाली उतरंना, मग आमी चढतो.”

त्यांनी पाट्यावर तळहात ठेवला आणि मान हलवली.

“ह्याच्यावर काय वाटणार? माशी बसली तर घसरून पडंल.”

पिशवीतून छिन्नी आणि हातोडी निघाली. त्यांनी पाटा पुढ्यात ओढला, हातोडी उचलली.

“अहो मावशी, थांबा!”

ते माझ्याच तोंडून निघालं होतं. दोघीही माझ्याकडे पाहू लागल्या.

“इतका छान झालाय... खराब होईल ना.”

यल्लूबाईंनी माईंकडे पाहिलं. माईंनी राहीकडे पाहिलं.

“लेकराला तिकडं घ्या, ताई. कपच्या उडत्यात.”

मी राहीला उचललं, तिच्या डोळ्यांवर ओढणी धरली, आणि लांब खांबाशी जाऊन बसले.

टक्. टक्. टक्.

त्या सुंदर काळ्या दगडावर पांढरे ठिपके उठू लागले. मला ते बघवत नव्हतं आणि नजरही निघत नव्हती. राहीने ओढणी बाजूला केली. मी पुन्हा धरली.

काही वेळाने विचारलं, “कुठे मारायचं हे कसं ठरवता?”

“हात फिरवायचा. जितं हाताला कायच लागत न्हाई, तितं मारायचं.”

टक्. टक्.

ठिपक्यांच्या ओळी सरळ येत नव्हत्या. सगळ्या डावीकडे कलत होत्या, वाऱ्यातल्या ज्वारीसारख्या.

“ही तुमची खास पद्धत का?” मी विचारलं. मनात टिपून घ्यायला सुरुवातही केली होती. “ही शैली कशी घडवलीत?”

“काय घडवली?”

“म्हणजे... ओळी अशा तिरक्या.”

“कोपार मोडलं व्हतं माजं,” यल्लूबाई म्हणाल्या. “नीट बसलंच न्हाई. सरळ मारायला गेलं की हात आसाच पडतो. पंचक्रोशीत कुटंबी जावा, तिरकी टाकी दिसली की समजायचं, यल्ली येऊन गेली.”

माई निवडलेली मेथी धुवत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, “निरोपाचं पत्र वाच.”

“आत्ता?”

“उद्या तीनशे बारा जण वाचणार. आज आम्ही दोघी ऐकतो.”

“ते तसं काही नीट नाहीये, माई. राहीला दंडावर झोपवून एका अंगठ्याने लिहिलं. पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. बंदच करायचं, तर कशाला घासत बसायचं?”

माईंनी पाण्यातून हात बाहेर काढला आणि थेंब झटकले.

फोनमध्ये त्याची प्रत साठवलेली होती, ती उघडली आणि वाचू लागले.

“मंडळी, आता पुरे. चौदा महिने मी तुम्हाला शांत राहायला सांगतेय. सांगताना मांडीवर पोरगी असते आणि गॅसवर दूध. दूध सोळा वेळा उतू गेलं. ते मी तुम्हाला कधी कळवलं नाही. राहीला ताप होता त्या सकाळी ‘चिंता पाहुण्यासारखी असते, तिला दारातून निरोप द्या’ असं पत्र तुम्हाला गेलं आणि मी थर्मामीटर घेऊन बसले, दर दहा मिनिटांनी. पारा खाली आला की थर्मामीटर बिघडला असेल असं वाटायचं. आमच्याकडे अशा बाईला घोरपडी म्हणतात, सतत घोर लावून घेणारी. मी ती आहे...”

टक् टक् थांबलं होतं. मी वाचत राहिले.

“तुम्ही त्या पत्रालाही छान म्हणालात. कुणाच्या घरी कुणी वारलं तरी तुम्ही छानच म्हणाल, असं मला वाटतं. माझं चुकतही असेल. पण आता तुमची मला चीड येते. नमस्कार.”

राही माझ्या गळ्यातल्या धाग्याशी खेळत होती.

“ही बाई कोन म्हनायची?” यल्लूबाईंनी विचारलं.

“मीच, मावशी.”

“आन् मगाधरनं बोलत व्हती ती?”

मी राहीच्या मुठीतून धागा सोडवू लागले.

माई तोंडाला पदर लावून हसत होत्या. या वेळी मी नीट पाहिलं. हसू थांबल्यावर त्या म्हणाल्या, “शेवटी दाताखाली खडा आला.”

“ती चिडीची ओळ ना? पुसू?”

माई मेथीकडे वळल्या.

यल्लूबाईंनी शेवटच्या दोन ओळी ठोकल्या, पाटा दोनदा धुतला, आणि मला जवळ बोलावलं. माझा हात धरून पाट्यावर ठेवला. जिथे तिथे बोट अडत होतं.

मग त्यांनी मूठभर भिजलेले तांदूळ पाट्यावर टाकले. “वाटा.”

मी रेटलं. दाणे जागच्या जागी फुटले. घसरले नाहीत. वरवंट्याचा आवाजही निराळा होता, खरखरीत, ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा. दोन-चार फेऱ्यांत पीठ झालं. मला इतका आनंद झाला की मी ते बोटाने चाटायला निघाले.

यल्लूबाईंनी माझं मनगट पकडलं.

“आवो ताई! रंग बगा की त्येचा.”

पीठ राखाडी होतं.

“दगडाचा चुरा हाय त्यात. पयलं वाटान फेकायचं आस्तं. दुसरंबी. तिसरं खायाचं.”

त्यांनी ते सगळं निपटून केळीच्या बुंध्याशी टाकलं, हात धुतले आणि पाटा माझ्यापुढे सरकवला.

मी त्या राखाडी गोळ्याकडे पाहत राहिले... मग राहीला कडेवर घेतलं.

“माई, आलेच.”

एकशे चाळीस पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर फोनमध्ये जीव आला. निरोपाच्या पत्राला लावलेली वेळ काढून टाकली. तेवढ्यात आत्याचा आणखी एक निरोप दिसला: ‘काय गं, शिकलीस का?’ उत्तर दिलं नाही. पुन्हा वर चढले. मधे दोनदा बसावं लागलं.

वर पोचले तेव्हा यल्लूबाई गूळ-पाणी घेऊन खांबाला टेकल्या होत्या. पाट्यावर तांदळाची दुसरी मूठ ठेवलेली होती.

“थांबवलंस?” माईंनी विचारलं.

“थांबवलं.”

“मग उद्या काय जाणार?”

“घरी गेल्यावर पुन्हा लिहीन. याच सुरात. पण खरंच सांगते माई, मला भीती वाटते. आत्याला आवडणार नाही. ती म्हणेल, हे काय भलतंच...”

माईंनी माझ्या कडेवरून राहीला घेतलं आणि पाट्याकडे बोट दाखवलं.

मी बसले. दुसरी मूठ वाटली. या वेळी पीठ पांढरं वाटलं. बोटावर घेऊन उजेडात धरलं, तर अजून करडी झाक होती. मी माईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मी ते निपटून केळीपाशी टाकून आले, पाटा धुतला, आणि मिरच्यांचं भांडं पुढे ओढलं.

“तिसरं झालं,” माई म्हणाल्या, “की आत्याला जेवायला बोलाव.”