शेवंताबाईची जड पिशवी

“मग काका, ही वर्दी घातली कशाला? संशय आला तरी अडवायचं नाही?”

अंकुश तावातावानं विचारत होता. शिवणकामाच्या कारखान्याच्या फाटकावर त्याचा आज आठवा दिवस. ट्रेनिंगमध्ये पहिला आलेला गडी, ते वारं अजून अंगातून गेलं नव्हतं. संध्याकाळी कारखाना सुटताना पिशव्या तपासायच्या रांगेत शेवंताबाईची पिशवी जड दिसली, ती उघडून दाखवेना, तेव्हा पठ्ठ्यानं तिला केबिनमध्ये बसवून बाहेरून कडी घातली होती!

मोकाशीकाका या फाटकावर बावीस वर्षं होते. सगळे गार्ड त्यांना गुरू मानायचे. त्यांनी आधी कडी काढली, मग उत्तर दिलं.

“नीट विचारायचं. नाही म्हणाली, तर मॅनेजरला कळवायचं. डोळ्यांदेखत चोरी केली, तर धरून पोलिसांच्या हवाली करायचं. कोंडायचा हक्क कुणी दिला तुला?”

“पण काका...”

“तिनं आत्ता तक्रार केली, तर पोलीस तुलाच नेतील, बाबा.”

अंकुशच्या पायाखालची जमीनच सरकली. आठ दिवसांची नोकरी, ती तर गेल्यातच जमा.

शेवंताबाई पदरानं डोळे पुसत बाहेर आली. रांगेतल्या बायका माना वळवून बघू लागल्या.

काकांनी तिला काही विचारलं नाही. स्वतःची पिशवी आणून सगळ्यांदेखत टेबलावर रिकामी केली. डबा, चष्म्याचं घर, बीपीच्या गोळ्या, अर्धी उरलेली चिक्की.

“आमचा माणूस चुकला, बाई. तू घरी जा.”

ती हलली नाही. टेबलाकडे बघत राहिली... मग आपणहून तिनं पिशवीचा बंद सोडला.

आत वरवंटा! दुपारच्या सुटीत पाथरवटाकडून घेतलेला, नवाकोरा.

“नातवाचं बारसं आहे परवा. पाळण्यात आधी वरवंटा ठेवतात ना... नीट विचारलं असतं, तर दाखवला असता की मेल्या!”

अंकुशनं हात जोडले. “चुकलं, मावशी. पोटात घाला.”

“बरं बरं. तक्रार नाही करत. बारशाला ये, घुगऱ्या खायला.”

ती गेली, तसा अंकुशचा बांध फुटला. तो काकांच्या पायांवर वाकला.

“काका, तुमच्यामुळं वाचलो. जन्मभर विसरणार नाही. आता मी काय करू, सांगा.”

काका एकेक वस्तू पिशवीत भरत होते...

“उद्यापासून रांगेत पहिली उघडायची पिशवी तुझी.”