शिसं मिसळलेली कल्हई

एकदा एक वृद्ध कल्हईवाला परगावी गेला असताना, भाड्याने भांडी देणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याच्या शिष्याकडे चाळीस पातेली आणली. शेजारच्या गावी दुसऱ्या दिवशी भंडारा होता. काम निम्म्यावर आले आणि कल्हईचे कथील संपत आले. शिष्य गांगरला. तेव्हा व्यापारी हसून म्हणाला, "शिसं मिसळ रे. चकाकी तीच. जेवणारे हात धुऊन आपापल्या घरी जातील, मग कोण विचारतंय?"

शिष्याने शिसे मिसळले. गाडी भरून गेली, एक पातेले तेवढे जागेअभावी मागे राहिले.

गुरू त्याच संध्याकाळी परतला, तेव्हापासून शिष्य त्याची नजर चुकवत होता. म्हाताऱ्याने पातेल्यातून बोट फिरवले, शिशाने काळे पडलेले बोट पाहिले. त्याने त्याच पातेल्यात चिंचेचे सार उकळले, वाटीत ओतले आणि वाटी ओठांशी नेली.

शिष्याने झडप घालून ती हिसकावली. "बाबा, नका पिऊ. त्यात शिसं आहे."

"ठाऊक आहे," गुरू शांतपणे म्हणाला. "मी आल्यापासून तू माझी नजर चुकवतोयस, लेका. मी तुला हाकलून देईन, ही भीती होती ती. आत्ता माझ्यासाठी भ्यालास, म्हणून हात पुढे आला. उद्या पंगतीला बसणारी माणसं तुझ्या ओळखीची नाहीत. आजारी पडली तरी कशाने, हे त्यांना कधी कळायचं नाही. त्यांच्यासाठी तुझा हात कोण पुढे करणार?"

शिष्याने हातातली वाटी ओतून टाकली. शिशाची पातेली कोणती, हे नुसते पाहून आता त्यालाही ओळखता आले नसते. सगळीच परत मागवावी लागणार, चारचौघांत कबूल करावे लागणार. तो कसाबसा म्हणाला, की मग तो व्यापारी आपल्याला पुन्हा काम देणार नाही, दुसऱ्यांनाही देऊ देणार नाही.

"नाही देणार," म्हातारा पायात वहाणा सरकवत म्हणाला. "भीती मलाही वाटतेय. चल."

दोघे भंडाऱ्याच्या गावी पोचले तेव्हा मांडवात बायका भाज्या निवडत होत्या आणि चुलींवर पातेली चढत होती. व्यापारी तिथेच उभा होता. त्याच्याकडे पाहताच शिष्य मांडवाच्या दाराशीच थांबला. मग त्याची नजर त्या अनोळखी बायकांकडे गेली.

"चुली पेटवू नका," तो म्हणाला. "ही भांडी मी बिघडवली आहेत."

आपला माल ज्या अनोळखी माणसाच्या ताटापर्यंत जातो, तिथपर्यंत आपली काळजीही गेली पाहिजे.