मेणाईचा जुना नाच

फार मागची गोष्ट बरं का, माझ्या आजीच्याही आजीच्या आधीची. वसईकडे एका चर्चच्या मनोऱ्यात मधमाश्यांचं पोळं होतं. फुलांकडे निघण्याआधी सगळ्या देवाचे आभार मानायला नाचायच्या. मग राणीमायनं हुकूम काढला, की नाच आता नवा, सोपा करायचा, तरण्या पोरींना कळेल असा.

थोरल्यांना काही ते रुचलं नाही. त्या कोपऱ्यात जुनाच नाच नाचत राहिल्या. पोरी हसायच्या, "आज्यांनो, गुडघे सांभाळा!" शेवटी थोरल्यांनी ठरवलं, वेगळं पोळं करायचं आणि आपली राणी आपणच घडवायची. सगळ्यांत म्हातारी मेणाई, ती हे सांगायला राणीमायकडे गेली.

"राणीमाय, हा नाच तुझ्याच आईनं शिकवला. तो वाईट कधी झाला गं?"

"वाईट कोण म्हणतं? पण कोपऱ्याकोपऱ्यात वेगळा नाच झाला, तर पोळं एक राहील का?"

"नाचू दे, नाहीतर आम्ही निघालो."

"तुम्ही घडवलेली राणी उद्या तुमचं ऐकेनाशी झाली, तर तिलाही सोडाल?"

मेणाई दाराकडे वळली. इतक्यात फटीतून गार वारा शिरला. पोळ्याच्या घराघरांतल्या अळ्या गारठू लागल्या. निम्म्या माश्या गेल्या तर त्यांना ऊब पुरणार नव्हती, हे दोघींनाही ठाऊक होतं.

राणीमाय अळ्यांवर जाऊन बसली. मेणाई दारात घुटमळली, मग तिच्या पंखाला पंख लावून बसली.

"तू अजून हो म्हणाली नाहीस," मेणाई पुटपुटली.

"तूही अजून गेली नाहीस," राणीमाय म्हणाली.