कोणाचा नकार?

नदीकाठच्या एका गावातल्या रुग्णालयात एकदा एक वृद्ध भूलतज्ज्ञ सेवेत होते. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला भूल देणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्या शिकत होती. ती अभ्यासू, प्रामाणिक आणि नियमाला फार जपणारी होती.

एके सकाळी आत्माराम नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याला तिथे आणले. घाटाच्या ओल्या पायरीवर पाय घसरून त्याचे खुब्याचे हाड मोडले होते. अंगाखालची चादर जरा सरकली तरी तो कळवळून ओरडे. पाणी पाजायला आलेल्या आपल्या मुलीचा, द्वारकेचा हातही त्याने झिडकारला होता.

शिष्येने त्याला शांतपणे सारे सांगितले. हाड शस्त्रक्रियेने बसवावे लागेल, नाहीतर अंथरूण सुटणार नाही.

"नगं," आत्माराम दात आवळून म्हणाला. "मला घरी न्ह्या. कुनी हात लावू नगा."

तिने दोनदा विचारले, दोनदा तेच उत्तर आले. द्वारका पदरात तोंड लपवून रडू लागली. शिष्या जड मनाने गुरूंकडे गेली. "सर, त्यांचा नकार आहे. तो आपण मानायला हवा."

"मानायलाच हवा," गुरू म्हणाले आणि उठून आत्मारामच्या खाटेशी गेले. "दादा, घरी जायचं म्हणता, पण रस्त्यात रिक्षाचे धक्के सोसवणार नाहीत. जांघेत एक सुई देऊ का? पायाकडून येणारी कळ थोपेल. मग तुम्हाला पुन्हा एकदा विचारीन. तेव्हाही नको म्हणालात, तर खुशाल जा."

आत्मारामने डोळे मिटून मान हलवली.

शिष्येला हे कोडेच वाटले. जो घरी निघाला, त्याला भूल कशाला? पण गुरूंनी खूण केली आणि तिने सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, मोडक्या हाडाकडून येणाऱ्या मज्जातंतूंपाशी औषध सोडले. गुरू स्टूल ओढून तिथेच बसले. शस्त्रक्रियेचे त्यांनी नावही काढले नाही. शिष्या मात्र उभ्या उभ्या अस्वस्थ होत होती.

हळूहळू आत्मारामच्या कपाळाची आठी सुटली. आवळलेली मूठ उघडली. त्याने एक दीर्घ श्वास घेतला, इकडेतिकडे पाहिले आणि प्रथमच त्याची नजर मुलीवर गेली.

"द्वारके, तू काय खाल्लंस का न्हाई सकाळधरनं?"

द्वारका रडता रडता हसली. मग आत्माराम शिष्येकडे वळला. "डाक्टरीणबाई, मघाशी तुमी काय सांगत हुता? एक अक्षर ध्यानात न्हाई. पुन्यांदा सांगा बरं."

तिने पुन्हा सांगितले, धोकेही सांगितले. आता तो विचारू लागला. हाड कशाने जोडता? उभा राहीन का? नाव वल्हवता येईल का?

"वल्हवण्याचं आज सांगता येत नाही," ती म्हणाली, "पण उभं राहण्याची आशा चांगली आहे."

आत्मारामने मान डोलावली. "मग करून टाका. नुसतं पडून ऱ्हायाचं म्हंजे बुडाल्यागतच की."

बाहेर आल्यावर शिष्येने विचारले, "सर, तुम्हाला ठाऊक होतं का, ते हो म्हणतील?"

"नाही," गुरू म्हणाले. "पण मघाचं 'नको' त्यांचं नव्हतं, एवढं ठाऊक होतं. ते त्यांच्या तोंडून आलं, बोलत होती वेदना. असह्य कळ माणसाला इतकं आक्रसून टाकते, की त्याला पोटची पोर दिसत नाही, उद्याचा दिवस दिसत नाही. अशा वेळी त्याचा होकार किंवा नकार घेणं म्हणजे घरधन्याला कोंडून चोराशी करार करणं. आपण त्यांचं मन वळवलं नाही. त्यांचं मन त्यांच्या हवाली केलं, इतकंच."

"आणि तरीही नको म्हणाले असते तर?"

"तर मी स्वतः त्यांना रिक्षात बसवून दिलं असतं. तो नकार त्यांचा असता."

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. त्याच्या पुढच्या सकाळी आत्माराम वॉकर धरून उभा राहिला. पाय लटपटत होते, पण शेजारच्या खाटांवरचे रोगी कौतुकाने पाहू लागताच त्याने मान ताठ केली. "वाईच सरका," तो म्हणाला, "नाव सुटली." सारा वॉर्ड हसला आणि त्यात सगळ्यांत मोठ्याने शिष्या हसली.

काही दिवसांनी खुबा मोडलेली एक आजी आली. परिचारिका वैतागून म्हणाली, "फार भांडखोर बाई आहे, कोणाचं ऐकत नाही."

शिष्या हात धुऊन आजीच्या खाटेकडे निघाली.

"असेलही," ती म्हणाली. "आधी कळ तर थांबवू. आजींची नि आपली अजून भेट व्हायची आहे."