डुबी बेडकी आणि सर्कशीचा बंब

एक होती गाडी. चाकांवरची खोलीच म्हणा ना! तिला दार, तिला खिडकी, तिला छोटंसं न्हाणीघर. पूर्वी ती सर्कशीबरोबर गावोगाव जायची. खडखड, खडखड! आता ती एका चिंचेशेजारी उभी होती. दारावर रंगवलेला वाघ फिका झाला होता. मिशा तेवढ्या उरल्या होत्या.

गाडीत राहायची दमयंतीमावशी. सर्कशीत ती दोरीवर चालायची. आणि न्हाणीघरात, नळाखालच्या घंगाळात राहायची डुबी. इटुकली, हिरवी बेडकी. नळ गळायचा, टिप टिप. डुबी डुंबायची, डुबुक डुबुक.

एके सकाळी काय झालं? टिप नाही की टिप नाही! घंगाळ कोरडं. डुबीचं अंगही कोरडं. पाठ लागली तडतडायला. डुबी आली रडकुंडीला.

टुपुक टुपुक गेली नळाकडे.

"नळदादा, नळदादा, पाणी दे ना!"

"कुठून देऊ? टपावर टाकी भरलेली आहे. पण पाइप पाणी सोडेना!"

टुपुक टुपुक गेली पाइपाकडे.

"पाइपदादा, पाइपदादा,
पाइप पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
माझं अंग भिजेना!"

पाइप म्हणाला, "खर्र खर्र! मी गंजलो गं. पार बुजून गेलो. माझ्या जागी नवा पाइप हवा. पण चाचा पाइप जोडेना!"

टुपुक टुपुक गेली इलाहीचाचाकडे. चाचा पूर्वी सर्कशीत बाजा वाजवायचा. आता नळ दुरुस्त करायचा. पायरीवर पाना घेऊन बसला होता.

"चाचा, चाचा,
चाचा पाइप जोडेना,
पाइप पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
माझं अंग भिजेना!"

चाचा म्हणाला, "पाइप आणलाय, बेटा. नवा गीझरही आणलाय. पण मधे बसलाय जुना बंब. तो काढू दिला, तर जोडीन. मावशी हो म्हणेना!"

टुपुक टुपुक गेली मावशीकडे. मावशी बंबाला टेकून बसली होती.

"मावशी, मावशी,
मावशी हो म्हणेना,
चाचा पाइप जोडेना,
पाइप पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
माझं अंग भिजेना!"

मावशीनं बंबावरून हात फिरवला.

"कसं हो म्हणू गं? थंडीत पहाटे आम्ही सगळे याच्यापुढे रांग लावायचो. जोकर याच्याच पाण्यानं तोंडाचा रंग धुवायचा. माझे दुखरे पाय यानंच शेकले. आता याचं धुराडं मोडलं, जाळी गळाली. म्हणून का याला हाकलू? तो आपणहून निघाला, तर हो म्हणेन. पण बंब जागचा हलेना!"

टुपुक टुपुक गेली बंबाकडे.

"बंबोबा, बंबोबा,
बंब जागचा हलेना,
मावशी हो म्हणेना,
चाचा पाइप जोडेना,
पाइप पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
माझं अंग भिजेना!"

बंब घुमला. घूं घूं!

"दमलो गं मी. मलाही आता सावलीत बसायचंय. पण भंगारात नाही जायचं. चिंचेखाली बसायचंय. तिथूनही मावशी दिसायला हवी. पण चिंच जागा देईना!"

टुपुक... टुपुक... डुबीच्या उड्या आता अगदी छोट्या झाल्या. ऊन तापलं होतं. तरी गेली बाई चिंचेकडे.

"चिंचआजी, चिंचआजी,
चिंच जागा देईना,
बंब जागचा हलेना,
मावशी हो म्हणेना,
चाचा पाइप जोडेना,
पाइप पाणी सोडेना,
नळ पाणी देईना,
माझं अंग भिजेना!"

चिंच म्हणाली, "रिकामा बंब? नको गं बाई! वारा शिरेल त्याच्या पोटात. घूं घूं करील. माझी पाखरं झोपायची नाहीत. त्याच्या पोटात कुणी राहायला आलं, तर देईन जागा."

डुबीनं विचार केला. बंबाचं पोट मोठं. डुबी एवढीशी.

"आजी, मी राहू?"

"तू? एवढ्या मोठ्या बंबात?"

"मी छोटी आहे. पण माझा आवाज मोठा आहे. डरांव!"

चिंच अशी हसली, अशी हसली! पानं पडली भुरूभुरू.

"ये गं बाळे, ये!"

मग काय!

चिंचेनं जागा दिली.
बंब जागचा हलला.
मावशी हो म्हणाली. डोळे पुसत म्हणाली, पण म्हणाली.
चाचानं पाइप जोडला. किरकिर, ठकठक!
पाइपानं पाणी सोडलं. खळखळ!
नळानं पाणी दिलं. धो धो!

चाचानं बादली भरली. बंबाचं पोट अजून धड होतं. त्यात पाणी ओतलं, घळघळ. डुबीनं मारली उडी.

डुबुक!

डुबीचं अंग भिजलं! पाठ भिजली, पोट भिजलं, पायाची बोटं भिजली. "आहाहा!" म्हणाली डुबी.

मावशीनं चिंच कोळली. बंब बाहेरून घास घास घासला. तांबं झालं लखलख. चाचानं नवा गीझर लावला. गीझर म्हणाला, "फुस्स!" आणि नळाला आलं गरम पाणी.

"गरम मावशीला, गार डुबीला!" चाचा म्हणाला.

संध्याकाळ झाली. मावशी बंबाशेजारी येऊन बसली. गरम पाण्यात पाय सोडले. खूप दिवसांनी पायांना बरं वाटलं.

"इलाही, आठवतो का रे तो छोटा हत्ती? आपल्या बादलीतलं पाणी प्यायचा?"

"आठवतो ना, ताई! आणि वर मलाच भिजवायचा!"

दोघं खो खो हसली.

बंबातून डुबीनं डोकं वर काढलं.

"मावशी, हत्ती कसा होता गं? सांग ना!"

मावशी म्हणाली, "ऐक हं. तेव्हा आपली गाडी घाट चढत होती..."

मावशीची गोष्ट तिथं सुरू झाली,
आपली गोष्ट इथं झोपून गेली.