म्हाळू गुरवाचा कौल

एका राज्यात देवाला विचारल्यावाचून पान हलत नसे. लग्न असो, पेरणी असो की राजाची स्वारी, डोंगरावरच्या पाषाणदेवाला कौल लावायचा. गुरवाने दोन ओल्या कळ्या देवाच्या छातीवर चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. देव बोले आणि राज्य चाले.

गुरवाचे नाव म्हाळू. गळा असा की तो देवाला गाऱ्हाणे घालू लागला की चरती गुरे माना वर करीत. भक्ती खरी, पण माणूस ताडीपुढे मेणाचा. सकाळी देवाला अंघोळ घालताना रडे आणि दुपारी घड्यात तोंड घाली. राजकन्या हेमकळा लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून डोंगर चढलेली. ती त्याला म्हाळूकाका म्हणे.

एके वर्षी दुष्काळ पडला. कालजंघ मांत्रिकाचे धन एका भुयारात होते. हेमकळा म्हणाली, "मी उतरून आणते." राजा म्हणाला, "आधी कौल." त्याच दुपारी कालजंघ गुरवाच्या दारी आला. त्याला धनावर पहाऱ्याला एक जीव हवा होता. त्याने कधी न आटणारा ताडीचा घडा पुढे ठेवला आणि म्हणाला, "उद्या उजवी कळी पडू दे." का, हे म्हाळूने विचारले नाही. विचारले असते तर घडा परत द्यावा लागला असता.

दुसऱ्या दिवशी म्हाळूने डाव्या कळीला फणसाचा चीक लावला. ती कळी थरथरली, पुन्हा थरथरली, पण सुटेना. शेवटी उजवी पडली. "होय महाराजा!" लोक गरजले. हेमकळा भुयारात उतरली, तिने धनाला हात लावला आणि ती साळुंकी झाली.

त्या दिवसापासून देवाच्या छातीवरून कळी पडली नाही. लावलेल्या कळ्या तिथेच वाळत. पाऊस आला, पण कोणाचे लग्न ठरेना, नवी विहीर कोणी खणेना. लेकीच्या वाटेकडे डोळे लावून राणी वारली. म्हाळूची पूजा एक दिवस चुकली नाही, आणि ताडीही चुकली नाही.

सातव्या वर्षी, भर दुपारी, न राहवून तो भुयाराच्या तोंडाशी गेला. कपारीत साळुंकी बसली होती.

"आलात, म्हाळूकाका?"

म्हाळू गुडघ्यांवर कोसळला. "बाय, तो कौल मी..."

"ठाऊक आहे. तुमच्या बोटांना चीक मी पाहिला होता. म्हाळूकाका खोटे करणार नाहीत, म्हणून गप्प राहिले."

म्हाळूला वाटले, धरणी फाटावी. साळुंकी म्हणाली, "ज्या हातांनी देवाचे तोंड मिटले, त्याच हातांनी ते उघडायला हवे. कालजंघाच्या विहिरीचे पाणी आणा. नागाच्या राखणीतल्या दोन कळ्या आणा. मग चारचौघांत खरे बोला आणि कौल लावा. उजवी पडो की डावी, देव बोलला की मी सुटेन."

विहीर म्हणाली, "सर्वांत लाडके दे, मग पाणी घे." म्हाळूने घडा काढला. शेवटचा म्हणून एक घोट घेतला आणि दोन दिवस विहिरीच्या काठी लोळत पडला. तिसऱ्या दिवशी डोळे मिटून त्याने घडा आत फेकला.

नाग म्हणाला, "कळ्या कोणासाठी?" म्हाळू म्हणाला, "माझ्या लेकीसाठी." त्याला लेक नव्हती. पण बोलता बोलता त्याला रडू फुटले आणि नाग बाजूला सरला.

मग देवळात, राजापुढे आणि प्रजेपुढे, त्याने सगळे सांगितले. ताडी, चीक, सगळे. राजाचा हात तलवारीवर गेला, पण तो थांबला.

"तुझे काय करायचे, ते देव सांगेल. उजवी पडली तर जीवदान. डावी पडली तर सूळ. लाव कौल."

म्हाळूने नागाकडच्या कळ्या त्या विहिरीच्या पाण्यात भिजवल्या. देव आपल्याला होकार देणार नाही, ही त्याची खात्री होती. भीती एकच होती. सात वर्षांच्या पूजेची भीड पडून देव नकारही न देता गप्प राहिला तर पोर तशीच राहील. त्याने नखात लपवून आणलेला चीक उजव्या कळीला लावला, म्हणजे देवाला डावीची एकच वाट उरेल. खरे बोलून घटका झाली नव्हती, तोच त्याने पुन्हा लबाडी केली.

"बा देवा महाराजा," त्याने गाऱ्हाणे घातले, "या हातांनी तुझे तोंड दाबले. माझे काय व्हायचे ते होऊ दे. आता बोल, आणि पोर सोडव रे महाराजा!"

"होय महाराजा" म्हणायला कोणाचे तोंड उघडले नाही.

डावी कळी हलली नाही. मग दगड तडकल्याचा बारीक आवाज झाला आणि उजवी कळी म्हाळूच्या ओंजळीत पडली.

"नाही, महाराज!" म्हाळू ओरडला. "हिला मी चीक लावला होता. ही पडूच शकत नाही. मला सुळावर द्या!"

राजाने कळी उचलून उलटी केली. तिच्या मागे पाषाणाची खपली चिकटलेली होती. देवाच्या छातीवर उजवीकडे ओली खाच पडली होती. 

"चीक सुटेना," राजा म्हणाला, "म्हणून देवाने आपले अंग तोडून दिले. तुला मारणारा मी कोण?"

तिकडे कालजंघ साळुंकी होऊन आपल्याच धनावर पहाऱ्याला बसला. इकडे हेमकळा अनवाणी डोंगर चढून आली. तिने सगळ्यांकडे पाहिले आणि विचारले, "आई कुठे आहे?" राजाने तोंड फिरवले. ते सांगणे म्हाळूच्या वाट्याचे होते. त्यानेच सांगितले, आणि ती त्याच्याच खांद्यावर डोके ठेवून रडली.

राज्यात पुन्हा लग्ने ठरली, विहिरी खणल्या गेल्या. म्हाळूची तहान सुटली असे कोणी सांगेल तर ते खोटे. दुपार झाली की त्याचे हात कापत. तेव्हा तो देवळात जाई आणि त्या खाचेवर बोट ठेवून बसून राही. त्याच्या वंशातले गुरव आजही अंघोळ घालताना तिथे हात हळू करतात. त्या देवाने म्हाळूची लाज राखली, तशी तो सांगणाऱ्याची राखो आणि ऐकणाऱ्याचीही राखो.