प्रत्येक ठिपक्याची खेप

"...मग तुम्हीच सांगा ताई, यात माझी चूक कुठे?"

धरणाच्या कचेरीतला पराग हिवराळे दारातूनच बोलत आत आला.

विमलताई लसूण सोलत बसल्या होत्या. त्याच कचेरीत पाणीपातळीचे आलेख त्यांनी हयातभर हातानं काढले. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी कॉलनीत त्यांना आलेखबाईच म्हणत.

"चपला," ताई म्हणाल्या.

पराग मागे गेला, चपला काढून आला.

"कॉम्प्युटरवर मॅक्रो चालू करून आलोय, छोटासा प्रोग्राम. बटण दाबलं की अठरा पर्जन्यमापकांचे आकडे आपोआप तक्त्यात भरतात, आलेख निघतो, आणि तो बघून साहेब दरवाजे किती उघडायचे ते ठरवतात. मी लिहिलाय तो. अख्ख्या जिल्ह्यात कुणाकडे नाही! दीड मिनिटात व्हायचं सगळं. सोमवारी नवं सॉफ्टवेअर घातलं... आता चोवीस मिनिटं लागतात, पडद्यावर आलेख आपला हलतच बसतो. तळपट होवो त्याचं!"

"म्हणून तर तुला माझ्याकडे यायला वेळ मिळाला."

परागला हसू आलं नाही. येण्यासारखं नव्हतंच. काल आलेख उशिरा निघाला, म्हणून दरवाजे उघडण्याआधीचा इशाऱ्याचा भोंगा उशिरा वाजला. खालच्या डोहात जाळी टाकून बसलेले कोळी कसेबसे काठाला लागले, काहींची जाळी वाहून गेली. आज वरून कालच्या दुप्पट पाणी येत होतं, आणि डोहात माणसं होतीच.

"साहेब म्हणाले, आलेखबाईंना विचार. मी म्हटलं, त्यांना कॉम्प्युटर चालू तरी करता येतो का?"

"नाही येत."



ताई उठल्या. ट्रंकेतून आलेखाचे कागद काढले, एक पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"मी आकडा सांगते, तू ठिपका दे. रेघ पुढे ओढ आणि मला दाखव. दर ठिपक्याला दाखवायचं."

"ताई, खाली कोळी..."

"तुझा मॅक्रो संपायला अजून वीस मिनिटं आहेत. बस."

तो बसला. ताई सांगत गेल्या, तो ठिपके देत गेला, कागद त्यांच्यापुढे धरत गेला. दहा ठिपके मिनिटभरात झाले.

"झालं! यात काय आहे?"

"काही नाही. आता तेच परत. पण शाईनं, हा घे टाक. रेघेखाली रंग भरायचा. आणि नवा आकडा आला की नवा कागद, सगळं पहिल्यापासून."

पहिला ठिपका. दाखवला.

दुसरा. नवा कागद, दोन ठिपके, रेघ, रंग. दाखवला.

तिसऱ्याला शाई सांडली. चौथ्याला त्याची बोटं निळी झाली आणि कान लाल.

"पाचवा," ताई म्हणाल्या. "सहाशे चौदा."

परागनं टाक आपटला.

"दर ठिपक्याला काय दाखवायचं? सगळे आकडे एकदम द्या ना! शेवटी एकदाच काढतो आलेख, असा देखणा काढतो की बघत राहाल!"

ताईंनी लसणाची पाकळी उचलली.

पराग निळ्या बोटांकडे बघत राहिला.

अठरा पर्जन्यमापक. प्रत्येकाचे चोवीस तासांचे चोवीस आकडे. एकेक आकडा तक्त्यात पडणार, आणि प्रत्येक वेळी आलेख नव्यानं निघून पडद्यावर येणार. एकदा दाखवायचं ते चारशे बत्तीस वेळा. हे त्यानंच लिहिलं होतं.

"पण ताई... पेन्सिल होती तेव्हाही मी दर ठिपक्याला दाखवतच होतो."

"होतास."

"मग तेव्हा कसं नाही कळलं?"

"पेन्सिलीत चूक खपते," ताई लसूण सोलता सोलता म्हणाल्या.

पराग उठला तो अनवाणीच पळाला. कचेरीत जाऊन अर्धवट चाललेला मॅक्रो थांबवला. चार ओळी खोडल्या, सहा नव्या लिहिल्या. काम संपेपर्यंत पडदा हलवायचा नाही. आकडे सगळे एका जागी जमवायचे, तक्त्यात एकदम ओतायचे. आलेख शेवटी, एकदाच.

बटण दाबलं...

भोंगा वाजला तेव्हा ताई ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. खाली डोहातून कोळी एकामागून एक वर चढत होते. कोरडी माणसं, खांद्यांवर जाळी, एकजण तर गात होता. शेवटचा माणूस बांधावर आला आणि मग पाणी आलं, अख्खं पात्र भरून. ताईंनी पदरानं डोळे टिपले. आयुष्यभर त्यांनी आलेख काढले ते याचसाठी.

तासाभरानं पराग आला. पाय चिखलानं भरलेले, हातात पेढ्यांचा पुडा.

"ताई, नऊ सेकंद! जुन्यावर दीड मिनिट लागायचं, नव्यावर नऊ सेकंद! साहेबांनी पाठ थोपटली. कोळ्यांचे फोन येतायत. एकाचंही जाळं गेलं नाही!"

"शाबास रे, पोरा!"

त्यानं वाकून नमस्कार केला. मग पुडा सोडून सर्वांत वरचा पेढा त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. पहिला पेढा गुरूचा."

ताईंनी पेढा घेतला नाही. त्याची मूठ मिटवून परत त्याच्याच छातीशी लावली.

"मग इथे कशाला आणलास? जा, त्या नव्या सॉफ्टवेअरपुढे ठेव."